पंखा बंद करा, पॉलिश ओलं आहे

त्या दिवशी पंखा बंद करा असं आम्हाला कुणी सांगितलं नाही, म्हणून आठ माणसांच्या जेवणाच्या टेबलावर धूळ बसली.

आम्ही लाकडाला पॉलिश करतो. आम्ही म्हणजे मी आणि माझा मेव्हणा. मी राहतो वर, तो रोज त्याच्या घरून येतो, काम दोघं खाली करतो. खालच्या जागेला आम्ही कारखाना म्हणतो, पण ती एक लांबट खोली आहे, दोन खिडक्यांची आणि एका पंख्याची. पॉलिशचा शेवटचा हात मारून झाला की पंखा बंद करावा लागतो, नाहीतर कोपऱ्यात साठलेली लाकडाची भुकटी उडते आणि ओल्या पॉलिशवर बसते. हे मला मी शिकाऊ होतो तेव्हापासून माहीत आहे. पण पंखा बंद करायचं काम माझ्याकडे कधी नव्हतं. ते बायकोकडे होतं. शेवटचा हात आम्ही रोज जेवणाच्या आधी मारतो. वर पोळ्या लाटता लाटता तिला वासावरून कळायचं, आणि ती जिन्यातून ओरडायची. ओरडून ओरडून घसा बसायला लागला तेव्हा तिने स्वतःचा आवाज फोनमध्ये भरला आणि त्याचे गजर लावले.

ती गेली त्याला वर्ष होत आलं. फोन राहिला. तो कारखान्यात बटणाच्या पाटीशेजारी एका पिशवीत टांगलेला असतो, चार्जरसकट. गजर वाजत राहिले आणि आम्ही ऐकत राहिलो.

रात्री फोन मी वर नेऊन उशाशी ठेवतो, आणि सकाळी तो म्हणतो, "अहो, उठा. उठलात का? नाही उठलात. मला माहितीये." मग खाली, "पंखा बंद करा, पॉलिश ओलं आहे." मग, "जेवायला या. आणि त्याला म्हणावं, हात धू. कोपरापर्यंत." हे मेव्हण्यासाठी आहे. तो तिचा धाकटा भाऊ. तीन मुलांचा बाप आहे, डोक्यावर केस उरलेले नाहीत, पण गजर झाला की अजून उठून कोपरापर्यंत हात धुतो. एकदा नुसती बोटं बुडवून परत आला आणि फोनकडे बघून पुन्हा मोरीत गेला.

कपाट पॉलिशला टाकायला आलेल्या एका बाईंनी तो पंख्याचा गजर ऐकला. त्यांनी घाईघाईने स्वतःच बटण बंद केलं आणि विचारलं, वर कोण असतं. मेव्हणा म्हणाला, ताई असते. बाई जाताना जिन्याकडे बघून मोठ्याने "येते हं" म्हणाल्या.

दर रविवारचा एक गजर वेगळा होता. "अहो, माझ्या टेबलाचं काय?" एवढंच. तिचं आरशाचं टेबल वरच्या खोलीत आहे. पॉलिशवाल्याच्या बायकोचं टेबल, आणि त्याचं पॉलिश जागोजागी उडालेलं. याला कारण होतं. जुना थर खरवडून काढल्याशिवाय नवा थर धरत नाही, हा आमचा धंद्याचा नियम. मी बाकी कशाला मान देत नसेन पण या नियमाला देतो. आणि त्या टेबलावर आमच्या लेकीने लहानपणी खिळ्याने एक कोंबडी काढली आहे. कोंबडीला पाच पाय आहेत. पाचवा पाय कशाला विचारलं तर लेक म्हणाली होती, दमली की बदलायला. खरवडलं की कोंबडी जाणार. मी म्हणायचो, खरवडल्याशिवाय हात लावणार नाही. बायको म्हणायची, खरवडायला हात लावाल तर याद राखा. लेक मोठी झाली, लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, आणि भांडण तिथेच राहिलं.

आणि एक गुरुवारचा गजर होता. "ती येईल. मी घरी नाही म्हणून सांगा."

ती म्हणजे चौकातली मोबाइलवाली. तिच्याबद्दल सांगायचं तर आधी अस्वलाबद्दल सांगायला हवं.

बायकोचा फोन आला तेव्हा त्यात कंपनीनेच घातलेला एक खेळ होता, आणि त्यातलं अस्वल वाटेल तेव्हा पडद्यावर येऊन नाचायचं. ते काढून टाकायची सोयच नव्हती. बायको म्हणाली, माझ्या घरात माझ्या परवानगीशिवाय अस्वल नाचणार नाही. तिने मेव्हण्याचा लॅपटॉप उचलून वर नेला, कुठे कुठे वाचलं, आम्हाला दोन वेळा खिचडी खायला घातली, आणि फोनचं आतलं कुलूप उघडलं. आपण बोटाने उघडतो ते नाही. कंपनी आत एक लावून पाठवते, आपल्या मर्जीचं कुणी काही घालू-काढू नये म्हणून, ते. अस्वल गेलं. तेव्हापासून फोन सुरू होताना एक नारिंगी त्रिकोण दाखवतो आणि हा फोन अनलॉक केलेला आहे, भरवशाचा नाही, असं सांगतो. बायकोला त्याचं फार कौतुक होतं. जो येईल त्याला ती फोन बंद करून पुन्हा चालू करून दाखवायची.

मग तिने आख्ख्या गल्लीची अस्वलं घालवली. फुकट. मोबाइलवालीचं निम्मं गिऱ्हाईक आमच्या जिन्यावर बसायला लागलं. म्हणून ती दर गुरुवारी दुपारी दुकान बंद करून भांडायला यायची. मी दारात उभा राहून सांगायचो, ती घरी नाही. वरून भांड्यांचा आवाज यायचा. मोबाइलवाली म्हणायची, मग भांडी कोण घासतंय? मी म्हणायचो, मेव्हणा. मेव्हणा माझ्या शेजारीच उभा असायचा.

बायको गेली त्या दिवशी ती आली होती. दारात उभी राहिली, आत आली नाही. नंतर गुरुवारी कुणी आलं नाही. गजर मात्र व्हायचा आणि मी एकदा दाराकडे बघायचो.

तर त्या दिवशी टेबलावर धूळ बसली. मी मेव्हण्यावर ओरडलो. तो पिशवीकडे बघायला लागला, मग माझ्याकडे, मग छताकडे. मी फोन काढला. पडद्यावर कंपनीचं नाव यायचं, उजळायचं, विझायचं, त्रिकोण यायचा, पुन्हा नाव. नुसता उंबऱ्यावरच घोटाळत होता, घरात काही येईना.

"मी फक्त हो म्हटलं, दाजी," मेव्हणा म्हणाला.

फोन कधीपासून विचारत होता, नवीन सॉफ्टवेअर आलंय, घालू का? बायको कायम 'नंतर' दाबायची, मीही तेच करायचो. मेव्हण्याला त्याची दया आली. किती दिवस बिचारा विचारतोय, म्हणून आदल्या संध्याकाळी निघताना त्याने हो म्हटलं. त्या रात्री मी फोन वर न्यायला विसरलो होतो. सकाळी उशिरा उठलो तेव्हा वाटलं, गजर ऐकू आला नसेल.

लेकीला मेव्हण्याच्या फोनवरून विचारलं की आईचा आवाज तुझ्याकडे कुठे आहे का. ती म्हणाली, आई मला लिहूनच पाठवायची, बोलायची ती फोन लावून. ते कुठे साठत नाही, बाबा. म्हणजे जे होतं ते त्या फोनमध्येच होतं. मेव्हणा तोंड पाडून धुळीचं टेबल घासायला बसला आणि बराच वेळ घासत राहिला.

मोबाइलवालीकडे जाण्यावाचून इलाज नव्हता. जिला मी इतके गुरुवार तोंडावर खोटं सांगितलं तिच्याचकडे. मेव्हण्याला बरोबर घेऊन गेलो. तिचं दुकान एका लॉन्ड्रीच्या आणि औषधांच्या दुकानाच्या मधोमध अंग चोरून उभं आहे. दोन माणसं आत गेली की तिसऱ्याने बाहेरून बोलायचं. ती डोळ्याला भिंग लावून कुणाच्या तरी फोनचं पोट उघडून बसली होती. तिने भिंग न काढता वर बघितलं, त्यामुळे तिचा एक डोळा बशीएवढा दिसत होता.

"बोला मिस्त्री," ती म्हणाली. "कोण घरी नाही आज?"

मी फोन पुढे ठेवला. त्रिकोण उगवला. तिने भिंग काढलं. हा फोन तिला ओळखू आला.

मी सगळं सांगितलं, गजरांचंही सांगितलं. गुरुवारचा तेवढा गाळला. तिने फोन कानाशी नेऊन हलवला, ते कशाला मला कळलं नाही, आणि मग नीट समजावलं. तिचं म्हणणं असं की आवाज कुठे गेलेले नाहीत. फोनच्या आत जागेचे दोन भाग असतात. एकात कंपनीचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यात आपलं सामान. वहिनींनी पहिल्या भागात फेरफार करून अस्वल काढलं होतं. नवीन सॉफ्टवेअर आलं, त्याला सगळं जागच्या जागी सापडेना, म्हणून ते अर्धवट बसून अडकलं. आता याच मॉडेलचं अख्खं नवीन सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवरून त्या पहिल्या भागात घालायचं, दुसऱ्या भागाला धक्का लावायचा नाही. वहिनींनी उघडलेलं आतलं कुलूप अजून उघडं आहे म्हणूनच हे जमेल. बंद असतं तर तिनेही हात टेकले असते.

मी विचारलं, आधी आवाज बाहेर काढून ठेवता येत नाहीत का? ती म्हणाली, फोन नीट चालू झाल्याशिवाय आतलं सामान वाचता येत नाही, ते गुंडाळून ठेवलेलं असतं. नक्कल काढायची ती हो म्हणायच्या आधी. हे ती मेव्हण्याकडे बघून म्हणाली. मेव्हणा लॉन्ड्रीतल्या इस्त्रीकडे बघत होता.

गुरुवारी दुपारी या, ती म्हणाली. गुरुवारी दुपारी तिला वेळ असतो. का असतो ते दोघांनाही माहीत होतं.

गुरुवारी तिने शटर अर्धं ओढलं आणि आम्हाला आत घेतलं. मेव्हण्याने मदत म्हणून आपली वायर आणली होती. ती दोन ठिकाणी सुतळीने बांधलेली होती. मोबाइलवालीने ती चिमटीत धरून बघितली आणि कात्रीने दोन तुकडे केले. ही वायर पुन्हा कुणाच्या हातात पडायला नको, म्हणाली. स्वतःची आखूड, जाड वायर लावली. फोनचं चार्जिंग बघितलं. सॉफ्टवेअर नेमकं त्याच मॉडेलचं आहे का, ते तीनदा पडताळलं. मग कॉम्प्युटरवर एक छोटीशी फाइल उघडून मला दाखवली. कंपनी सॉफ्टवेअरबरोबर ही तयार आज्ञा देते, ही चालवली की सगळं आपोआप होतं. पण तिच्यात शेवटी एक रेघ आणि एक अक्षर असतं. त्याचा अर्थ, आधी सगळं पुसून घे.

मला ते बरोबरच वाटलं. आम्हीही तेच करतो.

तिने ते अक्षर काढलं. फाइल जपून ठेवली, पुन्हा उघडून खरंच गेलंय का बघितलं. मग म्हणाली, आता टेबलाला कुणी हात लावायचा नाही, वायर हलली तर माझ्याशी गाठ आहे. आणि आज्ञा चालवली.

पडद्यावर ओळी पळायला लागल्या. मेव्हण्याने श्वास रोखून धरला. त्याचं एक आहे, त्याच्या अंगावर कायम लाकडाची भुकटी असते आणि श्वास रोखला की त्याला शिंक येते. तो लाल झाला, मग जांभळा झाला. मी खुणेने म्हटलं, बाहेर जा. तो शटरखालून वाकून जायला लागला आणि वाकल्याबरोबर शिंकला. शटर वाजलं, कपाटातले फोन खणखणले, टेबल हललं. ओळी पळतच राहिल्या. मोबाइलवालीने माझ्याकडे बघितलं. मी मेव्हण्याकडे बघितलं. त्याने नाक मुठीत धरलं होतं.

शेवटची ओळ आली तेव्हा बाहेर एक गिऱ्हाईक शटर बडवत होतं. तिने आम्हाला बजावलं, काही झालं तरी दाबू नका, आणि ती बाहेर त्याचा फोन द्यायला गेली.

तेवढ्यात आमचा फोन आपणहून सुरू झाला. त्रिकोण आला, कंपनीचं नाव आलं, आणि मग काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरं. मेव्हण्याला इंग्रजी माझ्यापेक्षा बरं येतं. त्याने बोट न लावता एकेक शब्द वाचला. आतली माहिती खराब झाली असावी. पुन्हा प्रयत्न करा. नाहीतर सगळं पुसून नव्याने सुरू करा.

त्याने तोंडातल्या तोंडात आणखी एकदा वाचलं. मग त्याला धीर आला. हे त्याला कळत होतं, हे त्याच्या धंद्यातलं होतं.

"दाजी, खराब झालंय म्हणतोय. खरवडून घेऊ," तो म्हणाला. "खराब थरावर नवा बसत नाही. तुम्हीच शिकवलंय."

मी शिकवलं होतं. तो शिकाऊ म्हणून आला तेव्हा पहिल्याच दिवशी शिकवलं होतं. त्याचा अंगठा बाजूच्या बटणावर गेला, खालच्या ओळीवर रंग सरकला. माझीही मान अर्धी हलली होती. हाताला सवय असते, मानेलाही असते. आणि मला वरची खोली दिसली, टेबल दिसलं, आणि मी खरवडणी हातात घेतल्यावर बायको कोंबडीवर तळहात ठेवून कशी बसायची ते दिसलं. ती भांडायची नाही तेव्हा. नुसता हात ठेवून बसायची.

"खरवडायचं नाही," मी म्हणालो.

"पण दाजी, नियम..."

"खरवडायचं नाही म्हटलं ना. हात वर कर."

मेव्हण्याने दोन्ही हात वर केले. मोबाइलवाली आत आली तेव्हा तो तसाच उभा होता. तिने पडद्याकडे बघितलं, खालच्या ओळीवरचा रंग बघितला आणि एकदम स्टुलावर बसली. तिने विचारलं, दाबलं नाही ना? मी म्हटलं, नाही. हात अजून वरच आहेत, बघा.

तिने रंग वरच्या ओळीवर नेला आणि पुन्हा प्रयत्न केला. तोच काळा पडदा. मग तिने कॉम्प्युटरवरच्या ओळी वरपासून वाचल्या आणि मधेच एकीवर बोट ठेवलं. एक तुकडा बसलाच नव्हता. वायर हलली होती. माहिती खराब नव्हती, सॉफ्टवेअरच एका ठिकाणी भोकाचं होतं, आणि फोनला वाटलं दोष सामानाचा आहे. तिने मेव्हण्याला शटरबाहेर लॉन्ड्रीच्या बाकावर बसवलं, फोन पुन्हा जोडला आणि तेवढा एक तुकडा घातला.

त्रिकोण आला. नाव आलं. नाव बराच वेळ राहिलं, मी तिकडे न बघता भिंतीवरच्या फोनच्या झाकणांचे रंग बघत होतो. मग मोबाइलवालीने माझ्या कोपराला हात लावला. फोन बोटाची खूण मागत होता. बायकोने शिकवलेली खूण काढली. आमच्या घराचा फोटो आला, जिन्यावर बसलेल्या गिऱ्हाइकांसकट. कोपऱ्यात अस्वलही परत आलं होतं. ते नाचायला लागलं.

आणि दुपारची वेळ झाली.

"ती येईल," फोन म्हणाला. "मी घरी नाही म्हणून सांगा."

दुकानात कुणी हललं नाही. अस्वल तेवढं नाचत होतं. गजर बंद केला नाही तर तो पुन्हा पुन्हा म्हणतो, तसा तो पुन्हा म्हणाला. इतके गुरुवार मी तिला जे सांगत आलो तेच तोंडातून निघालं.

"ती घरी नाही," मी म्हणालो.

मोबाइलवालीने बोटाने डोळ्याखाली पुसलं, मग भिंग पुसलं. म्हणाली, "माहीत आहे मिस्त्री. आज पहिल्यांदा खरं बोललात." मग फोनकडे बघून म्हणाली, हे गजर कधीच्या काळी लावलेत त्यांनी? मी सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे मी येणार याची त्यांना एवढी खात्री होती. हे म्हणताना ती जरा खूश झाल्यासारखी वाटली.

मग तिने सगळ्यात आधी नक्कल काढली. एक तिच्या कॉम्प्युटरवर, एक लेकीला पाठवली, एक छोट्या पेनड्राइव्हवर काढून मला दिली. ती मी कारखान्यात ठेवलेली नाही. मेव्हणा बाहेरून विचारत होता, आता ते आतलं कुलूप परत लावून टाकायचं का, त्रिकोण बरा नाही दिसत. ती त्याला म्हणाली, ते कुलूप लावताना फोन आपलं सगळं सामान पुसतो, आणि तुम्ही त्याचं नावही काढू नका. अस्वल काढू का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं राहू दे, आता कशाला हात लावायला नको. परत कधी नवीन सॉफ्टवेअर आलं तर हो म्हणायच्या आधी माझ्याकडे या, म्हणाली.

पण मला जावं लागत नाही. ती पुढच्या गुरुवारी दुपारी आमच्या दारात आली. गजर नुकताच होऊन गेला होता. मी म्हटलं, ती घरी नाही. ती म्हणाली, मग चहा कोण करणार? मेव्हणा कोपरापर्यंत हात धुऊन वर गेला. आता ती दर गुरुवारी येते, नक्कल ताजी करते, चहाला नावं ठेवते आणि जाते.

धूळ बसलेलं टेबल पुन्हा घासून पॉलिश करून दिलं. पंखा वेळेवर बंद होतो.

राहता राहिला रविवारचा गजर. "अहो, माझ्या टेबलाचं काय?" त्या रविवारी मी म्हटलं, करतो. न खरवडता करतो. लाखेच्या जुन्या पॉलिशवर स्पिरिटचा बोळा अगदी हलका फिरवला तर जुनाच थर मऊ होऊन नव्याने बसतो, हे मी ऐकून होतो, केलं कधी नव्हतं. म्हणून आधी सराव म्हणून एका जुन्या फळीवर मेव्हण्याने खिळ्याने कोंबड्या काढून दिल्या. त्याच्या कोंबड्या बदकांसारख्या दिसतात. पहिल्या दोन माझ्या हाताखाली बुजून गेल्या. तिसरीचे तीन पाय राहिले. पाचही पाय राहतील अशी एकही अजून जमलेली नाही, आणि बायकोच्या टेबलाला मी अजून हात लावलेला नाही.